दोघींचें यश

यश एका नांवावर मांडणें इतिहासकारास सोयीचें असतें. जोडीच्या वांट्यास त्यामुळें बहुधा तळटीपच येते. वर्धा येथें 1983 सालीं जन्मलेल्या व हैदराबादेंत वाढलेल्या ज्वाला गुट्टा यांची कारकीर्द या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. बॅडमिंटनच्या महिला दुहेरींत, राष्ट्रकुल स्पर्धेंत, 1978 सालीं एडमंटन येथें अमी घिया व कंवल ठाकुर सिंग यांनीं कांस्यपदक मिळविलें होतें. ज्वाला व अश्विनी पोनप्पा यांनीं 2010 सालीं दिल्लीस त्याचें सुवर्ण केलें. मागून अश्विनींचा जोरकस फटका, पुढें जाळ्यापाशीं ज्वालांचा डावा हात. एकीनें संधि निर्मावी, दुसरीनें ती साधावी. 2011 सालीं लंडन येथें या जोडीनें जागतिक अजिंक्यपद स्पर्धेंत कांस्यपदक जिंकलें. भारतीय महिलांचें त्या स्पर्धेंतील पहिलें पदक तें हेंच. सिंधूंचें पहिलें पदक 2013 सालचें, सायनांचें 2015 सालचें. पुढें 2012 च्या ऑलिंपिकमध्यें तीनपैकीं दोन सामने जिंकूनही केवळ एका गुणाच्या फरकानें ही जोडी गटांतच राहिली. सायनांस तेथेंच एकेरीचें कांस्य लाभलें. लोकांनीं तें पदक ध्यानांत ठेवलें, हें योग्यच. पण वाट प्रथम कोणीं पाडली, हें सांगतांना दोन नांवें घेण्याचे श्रम इतिहासानें टाळूं नयेत.