गाडीवरचा ‘हक्का’ : एका समाजाचे नाव

१/ मुंबई असो वा नागभीड, चायनीजच्या गाडीवर ‘हक्का नूडल्स’ ही अक्षरे हटकून दिसतात. हक्का हे मुळात पदार्थाचे नाव नव्हे, दक्षिण चीनमधील एका समाजाचे. त्यातील अनेक कुटुंबे कलकत्त्यात आली आणि टांगरा भागात कातडी कमावू लागली.

२/ कणीक हातांनी ताणून नूडल्स काढण्याची कला निराळी. ती वायव्य चीनमधील लांझोऊची, नाव लामियान. गाडीवर मात्र यंत्रावरच्या वाळक्या नूडल्स उकडून कोबीसह मोठ्या आचेवर परततात.

३/ मंचुरियन तर मंचुरियातलेही नाही! कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस घालून ते प्रथम केले, असे सांगितले जाते. गाडीवर येईतो कोंबडीच्या जागी कोबीचे गोळे आले.

४/ त्याआधी १३ वर्षे, १९६२ च्या युद्धानंतर, चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना, मुख्यतः आसाम-बंगालमधील कुटुंबांना, राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. वृद्ध आणि तान्ही मुलेही त्यांत होती. खटला चालला नाही. काहींची सुटका १९६७ मध्ये झाली. परतल्यावर अनेकांना घर, दुकान काहीच उरले नव्हते. कित्येकांनी पुढे कॅनडा गाठला.