नॅप्स्टर

नॅप्स्टर ही महाजालावर संगीताच्या फायलींची देवाणघेवाण करण्यासाठी तयार केलेली संगणक-आज्ञावली व तिच्यावर आधारलेली सेवा होती. बॉस्टन येथील नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडलेल्या शॉन फॅनिंग या तरुणाने ती लिहिली व शॉन पार्कर याच्या साहाय्याने जून १९९९ मध्ये लोकांसाठी खुली केली. अवघ्या दोन वर्षांत, जुलै २००१ मध्ये, ती न्यायालयीन आदेशांमुळे बंद पडली. त्यानंतर याच नावाने चाललेल्या सशुल्क सेवांचा मूळ सेवेशी केवळ नावापुरता संबंध आहे.

== कार्यपद्धती ==
एमपी३ या स्वरूपात गाण्याची फाइल मूळ सीडीवरील आकाराच्या सुमारे एक-दशांश होते. त्यामुळे टेलिफोनच्या संथ जोडणीवरूनही ती पाठवणे शक्य झाले होते. नॅप्स्टरच्या सर्व्हरवर एकही गाणे साठवलेले नसे. कोणत्या सदस्याच्या संगणकावर कोणते गाणे आहे, याची सूची मात्र तेथे असे. शोध घेणाऱ्यास ही सूची पत्ता दाखवी आणि फाइल एका सदस्याकडून दुसऱ्याकडे थेट जाई. पुढील सारा वाद या रचनेभोवती फिरला: नक्कल सदस्य करतात, मग सूची ठेवणारा दोषी कसा?

== खटला ==
डिसेंबर १९९९ मध्ये ए अँड एम रेकॉर्ड्स व अन्य ध्वनिमुद्रण कंपन्यांनी कॅलिफोर्नियातील संघीय जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. एप्रिल २००० मध्ये मेटॅलिका या वाद्यवृंदानेही स्वतंत्र दावा लावला. त्यांचे एक गाणे अधिकृत प्रकाशनापूर्वीच नॅप्स्टरवर फिरू लागले होते. वृंदाचा तालवादक लार्स उलरिक याने तीन लाखांहून अधिक सदस्यनामांची यादी कंपनीच्या कार्यालयात नेऊन दिली. स्वतःच्या चाहत्यांचीच यादी देणारा कलाकार म्हणून त्याच्यावर बरीच टीका झाली.

जुलै २००० मध्ये न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी मनाई हुकूम दिला. त्याला तात्पुरती स्थगिती मिळाली, परंतु १२ फेब्रुवारी २००१ रोजी नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तो थोडा मर्यादित करून मूलतः कायम ठेवला.

== निकालाचा आशय ==
गाणे उतरवून घेणारा सदस्य नक्कल करण्याच्या हक्काचे आणि ते इतरांसाठी खुले ठेवणारा वितरणाच्या हक्काचे उल्लंघन करतो, असे न्यायालयाने मानले. विकत घेण्यापूर्वी गाणे ऐकून पाहणे किंवा स्वतःच्या सीडीवरील गाणे दुसऱ्या ठिकाणी वापरणे हा ‘उचित वापर’ ठरतो, हा बचाव फेटाळला गेला. एरवी पैसे देऊन घ्यावी लागणारी वस्तू फुकट मिळवणे हा एक प्रकारे आर्थिक लाभच, असे त्यामागील तर्कशास्त्र होते.

कंपनीचा मुख्य आधार १९८४ चा सोनी बेटामॅक्स खटला होता. वैध उपयोग असलेल्या यंत्राचा कोणी गैरवापर केला, तर त्यासाठी निर्माता दोषी ठरत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी म्हटले होते. अपील न्यायालयाने हे तत्त्व नाकारले नाही. केवळ तंत्र बनवले म्हणून नॅप्स्टर दोषी नाही. परंतु विशिष्ट बेकायदा फायलींची माहिती असूनही त्या सूचीतून न काढणे हा उल्लंघनातील सहभाग आहे, असा भेद त्याने केला. सदस्यांची खरी नावे आपल्याला ठाऊक नसणेच बरे, अशा आशयाचा पार्करचा मजकूर या संदर्भात कंपनीला भोवला.

== परिणाम ==
नावांवरून गाणी गाळण्याचा प्रयत्न फसला, कारण सदस्य शीर्षकांची अक्षरे बदलू लागले. जून २००२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मध्यवर्ती सूचीच नसलेल्या ग्रॉक्स्टरसारख्या आज्ञावल्या पुढे आल्या. पण उल्लंघनास जाणूनबुजून उत्तेजन देणाराही जबाबदार असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एकमताने ठरवले.

दरम्यान, सप्टेंबर २००३ पासून ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने अमेरिकेत थेट व्यक्तींवर दावे लावले. पहिल्याच फेरीत २६१. मिनेसोटातील एका महिलेला २४ गाण्यांसाठी अखेरीस २,२२,००० डॉलर भरपाई ठोठावण्यात आली.

== भारतीय कायद्याची स्थिती ==
भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ लागू होतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ मधील खासगी उपयोगाची सवलत ध्वनिमुद्रणांनाही मिळते. मात्र अनधिकृत फाइल इतरांसाठी खुली ठेवणे हा खासगी उपयोग नव्हे. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास कलम ६३ अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते.

ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षे, तर शब्द व संगीताचा रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हे दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात. ‘संगीत स्वयंवर’मधील बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या या दोन्ही कसोट्यांवर मुक्त आहेत, कारण नाटककार कृ. प्र. खाडिलकर १९४८ मध्ये आणि चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये निवर्तले.