गोंदिया जंक्शनची कापसातली कुळी

गोंदिया हा धानाचा जिल्हा. नागपूर सोडून गाडी पूर्वेला निघाली की काळी रानं मागे पडतात. तुमसर, तिरोडा येईपर्यंत खिडकीबाहेर नुसत्या बांध्या, मध्येच एखादी बोडी. तरी इथल्या जंक्शनची कुळी शोधत गेलं तर ती कापसात सापडते, आणि तो कापूस अमेरिकेतले गुलाम वेचत होते.

1850च्या दशकात इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस तिथूनच यायचा. नव्या मुलखात गुलामगिरी जाऊ द्यायची की नाही, हे अमेरिकेचं जुनं भांडण. 1820 साली मिझुरीच्या तडजोडीत 36 अंश 30 मिनिटांवर रेषा आखून ते कसंबसं थोपवलं होतं. 1854च्या मे महिन्यात कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती रेषाच पुसली: काय ते तिथल्या वस्तीने ठरवावं. झालं! दोन्ही बाजूंची माणसं बंदुका घेऊन कॅन्ससात उतरली.

त्याच वर्षी इकडे गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा केलं. आजचा गोंदिया त्यातलाच. वऱ्हाड आदल्या वर्षी निजामाकडून घेतलेलं. त्याच 1853 सालच्या रेल्वेवरच्या टिपणात इंग्लंडची कापसाची हाव डलहौसीने स्वतःच नोंदवली आहे, तेव्हा ही जुळणी निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

गुलामगिरीच्या त्या भांडणातून पुढे पेटलेल्या अमेरिकेच्या यादवीने आपल्याकडे रेल्वे आणली, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. युद्ध 1865ला संपलं, रूळ नागपूरला पोचले 1867ला, म्हणजे युद्धाने आणलेली कापसाची तेजी ओसरल्यावर. खरं काम केलं ते अमेरिकेचा कापूस तुटेल या युद्धाआधीच्या धास्तीने. मँचेस्टरात ‘कॉटन सप्लाय असोसिएशन’ निघाली तीसुद्धा 1857 साली, पहिली गोळी सुटायच्या चार वर्षं आधी. आणि मँचेस्टरसाठी एवढं करून 1877ला जमशेटजी टाटांनी नागपुरातच एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू केली!

नागपूरच्या पुढे हिशेब बदलला. नागपूर-छत्तीसगड रेल्वे धान्य ओढायला काढली, तीही मीटरगेज. 1880च्या दशकाच्या सुरुवातीला ती गोंदियावरून राजनांदगावला पोचली. नागपुरात रुळांची रुंदी बदलायची, म्हणजे मुंबईकडे जाणारं पोतं न् पोतं हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात. 1887 साली निघालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग घेऊन ब्रॉडगेज केला. गोंदियाला जंक्शनपण आलं ते त्याहून उशिरा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सातपुडा चढून जबलपूरला जाणारी नॅरोगेज इथून फुटली तेव्हा.