पाऱ्याने मोजलेली नौली

नौली ही पोटाच्या स्नायूंची योगक्रिया करताना बस्तीचे, म्हणजे आतडे धुण्याचे, पाणी आत आपोआप कसे चढते? जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी या जुन्या कोड्याला थेट पाऱ्याची नळी लावली. पोटाचे स्नायू आवळून पुढे आले, की आतला दाब घटतो, पारा सरकतो आणि पाणी वर खेचले जाते. या अंशतः पोकळीला त्यांनी आपले गुरू माधवदासजींचे नाव दिले.

गुरुदक्षिणा अशीही असते!

बडोद्यात व्यायामगुरू माणिकरावांच्या आखाड्यात घडलेल्या या माणसाला चमत्कारांचे वावडे होते. स्वतःच्या देहाची ओळख ऐकीव नको, करून पाहिलेली आणि मोजलेली हवी, हा त्यांचा हट्ट. त्यापायीच १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंशोधन संस्था उभी राहिली, ‘योगमीमांसा’ त्रैमासिक निघाले. १९२७ मध्ये गांधीजींनीही प्रकृतीसाठी त्यांचाच सल्ला घेतला.