‘ऑब्सेशन’मध्ये केमिस्ट्री का जमली नाही? दोष कलाकारांचा की घाईचा?

“दोघांत काहीच केमिस्ट्री नाही” आणि “मध्येच कंटाळा आला.” छोटी रोमँटिक थ्रिलर सीरिज आली की या दोन तक्रारी टाइमलाइनवर हमखास दिसतात. पहिलीचं खापर कलाकारांवर फुटतं, दुसरीचं दिग्दर्शकावर. पण अनेकदा या दोन तक्रारी मुळात एकच असतात. नेटफ्लिक्सवरची चार भागांची ब्रिटिश सीरिज ‘ऑब्सेशन’ हे त्याचं चांगलं उदाहरण आहे.

(स्पॉयलर इशारा: पुढे शेवटासकट सगळं आहे.)

गोष्ट काय आहे?

एप्रिल २०२३ मध्ये आलेली ही सीरिज जोसेफिन हार्ट यांच्या १९९१ सालच्या ‘डॅमेज’ या कादंबरीवर आधारित आहे. विल्यम (रिचर्ड आर्मिटेज) हा लंडनमधला नावाजलेला सर्जन. मुलगा जे याची प्रेयसी ॲना (चार्ली मर्फी) त्याला भेटते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. खरं तर प्रेम कसलं, झपाटून जातो. जे आणि ॲनाचं लग्न ठरल्यावरही या दोघांच्या चोरून भेटी सुरूच राहतात. शेवटी जे त्यांना एकत्र पाहतो आणि वरून कोसळून त्याचा जीव जातो.

केमिस्ट्री म्हणजे नेमकं काय?

दोन देखणे चेहरे शेजारी उभे केले की केमिस्ट्री होत नाही. कास्टिंगच्या वेळी दोन कलाकारांना एकत्र प्रसंग वाचायला लावतात, त्याला ‘केमिस्ट्री रीड’ म्हणतात. पण तिथे जमलेलं पडद्यावर उतरवायचं काम लेखक आणि एडिटरचं असतं. एकाने बोलावं, कॅमेरा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर थांबावा, उत्तर यायला दोन सेकंद उशीर व्हावा. बोलायचं खूप आहे पण बोलता येत नाही, ही ओढ प्रेक्षकाला त्या उशिरातूनच कळते. म्हणजे केमिस्ट्रीला वेळ लागतो.

‘ऑब्सेशन’ नेमका तोच वेळ देत नाही. विल्यमच्या सुखी दिसणाऱ्या घरात कशाची कमतरता आहे हे कळायच्या आतच प्रकरण सुरू होतं. पहिल्या नजरेतली ओढ कादंबरीतही आहे, पण तिथे तो पुरुष स्वतःच गोष्ट सांगतो. आपण त्याच्या डोक्यात असतो, त्यामुळे त्याचा वेडेपणा पटतो. सीरिजमध्ये आपण बाहेरून बघत राहतो. लुई माल यांनी १९९२ मध्ये याच कादंबरीवर सिनेमा केला, तेव्हा जेरेमी आयर्न्स आणि ज्युलिएट बिनोश यांच्या पहिल्या भेटीत संवाद जवळजवळ नव्हतेच, होतं ते एकमेकांकडे बघणं.

मग वेग जास्त झाला की कमी?

दोन्ही. सुरुवात धावते आणि मधला भाग तिथल्या तिथे फिरतो. भेट, खोटं कारण, घरी परत, पुन्हा भेट. थ्रिलरमध्ये प्रत्येक भेटीनंतर पकडले जाण्याची शक्यता वाढायला हवी. इथे बराच वेळ फास आवळतच नाही. पॅरिसच्या हॉटेलात ॲनाच्या आठवणीने उशीला बिलगलेला विल्यम दिसतो. या प्रसंगावर सोशल मीडियावर हशा पिकला, ते उगीच नाही. पात्राची तडफड आपल्यापर्यंत पोहोचली नसेल तर ती विनोदी दिसते.

‘ये काली काली आँखें’शी तुलना का होऊ शकते?

जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या या हिंदी सीरिजचा विषयही झपाटलेपणाच आहे. राजकारण्याची मुलगी पूर्वा विक्रांतच्या मागे लागते, पण त्याचा जीव शिखात अडकलेला असतो. विक्रांत आणि पूर्वामध्ये केमिस्ट्री नसली तरी चालतं, कारण गोष्ट त्याच्या घुसमटीची आहे. ‘ऑब्सेशन’ला ही पळवाट नाही. त्यात दोघंही स्वखुशीने घर जाळायला निघाले आहेत, मग आग दिसायला नको?

मला विचाराल तर या सीरिजमधली सगळ्यात खरी वाटणारी व्यक्ती विल्यमची बायको इन्ग्रिड (इंदिरा वर्मा) आहे. मुलाच्या मृत्यूनंतर ती नवऱ्यासमोर उभी राहते, तो प्रसंग अंगावर येतो. त्या प्रसंगात कोणालाच कुठे पोहोचायची घाई नाही.