पारणे नसलेले पथ्य

‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये’ ही म्हण ज्या समाजाने घडविली, त्याला उसाची गोडी आणि त्या गोडीचा मोह या दोहोंची ओळख फार जुनी असली पाहिजे. गोडाची ओढ कशी आवरावी, हा प्रश्न आज आहारतज्ज्ञांचा मानला जातो आणि त्याची उत्तरे उष्मांकांच्या हिशेबात दिली जातात. आम्ही भाषा-साहित्याचे अध्यापक. आमच्या हाती आहेत ते शब्द. या प्रश्नाभोवती मराठीत दोन शब्द शतकानुशतके वावरत आले आहेत : व्रत आणि पथ्य. दोन्हींत जिभेला आवर आहे, परंतु दोन्हींची जात वेगळी आहे. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्याकडे गोडाचा जो इतिहास घडला, तो एका वाक्यात सांगायचा तर व्रताची जागा पथ्याने घेतल्याचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते.

प्रारंभ पथ्यापासून करू, कारण त्याचा लेखी पुरावा अधिक जुना आहे. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना बैठे सुख, झोपेचे सुख, दही-दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा एकत्र उल्लेख येतो. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षणही प्राचीन वैद्यकात नोंदलेले आहे. (संहितांमधला मधुमेह आणि आजच्या प्रयोगशाळेतला मधुमेह तंतोतंत एकच, असा आग्रह आम्ही धरणार नाही.) सुश्रुताची चिकित्सा मात्र वाङ्मयाच्या विद्यार्थ्यानेही वाचावी अशी आहे. निर्धन रोग्याने पादत्राण आणि छत्री न घेता, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढीत, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने चालावे. श्रीमंताने सावे, देवभात अशा रानधान्यांवर राहावे. श्रमाचा उपाय म्हणून विहीर खणण्याचाही निर्देश आहे. या उपचारात एक मोठी जाण दडलेली आहे. सुश्रुत रोग्याला ‘मन आवर’ एवढेच सांगून सोडून देत नाही. तो त्याला त्याच्या स्वयंपाकघरातूनच बाहेर काढतो. भिक्षापात्रात जे पडेल ते खाणाऱ्याला निवड उरत नाही, आणि निवड उरली नाही की मोहाची अर्धी शक्ती गळून पडते.

सामान्य गृहस्थाला घर सोडून शंभर योजने चालणे शक्य नव्हते. त्याच्यासाठी ही व्यवस्था पंचांगाने केली. पुरणपोळी होळीची, तीळगूळ संक्रांतीचा, श्रीखंड पाडव्याचे, मोदक चतुर्थीचे. गोडाला तिथी होती, आणि तिथी येईपर्यंत वाट पाहणे हा त्या गोडीचाच भाग होता. पाडव्याच्या सकाळी कडुनिंबाच्या पानांबरोबर गूळ येई, म्हणजे वर्षाची पहिली गोडी कडूच्या सोबतीने. याच्या जोडीला चातुर्मासाचे नेम. ‘धर्मसिंधू’सारख्या निबंधग्रंथांत चातुर्मासात कोणता पदार्थ वर्ज्य केला असता कोणते फळ मिळते, याच्या याद्या आहेत. त्यांत गूळ सोडणाऱ्याला मिळणारे फळ आहे मधुर स्वर! या एका नोंदीवर आम्ही बराच वेळ रेंगाळलो. गूळ सोडायचा, पण गोडी सोडायची नाही. जिभेच्या चवीतून ती जिभेच्या वाणीत न्यायची. ओढ मारून टाकण्याचा अट्टाहास येथे नाही. तिला दुसरे घर दिलेले आहे. तीळगूळ देताना गोड बोलण्याची मागणी करणारा समाज हेच करीत होता.

व्रताचे दुसरे लक्षण असे की त्याला शेवट असतो. कार्तिकात चातुर्मास संपतो, नेमाचे उद्यापन होते, उपासाचे पारणे फिटते. काशीस जाऊन एखादा आवडता पदार्थ कायमचा सोडण्याची प्रथा होती, हे खरे. पण तो एकच पदार्थ, तोही स्वतः निवडलेला आणि उतारवयात सोडलेला. एरवी संयम हा मुदतबंद असे आणि सगळे घर, सगळी आळी तो एकाच वेळी पाळीत असे. शेजारच्या घरात त्या दिवशी बासुंदी नाही, ही जाणीव संयमाला केवढी मदत करते, हे आज प्राध्यापककक्षात निकालाच्या दिवशी पेढ्यांचा पुडा फिरतो तेव्हा आमच्या ध्यानात येते.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा मुळीच इरादा नाही. पंचांगाने घातलेला हा आवर असंख्य घरांत प्रत्यक्षात दारिद्र्याने घातलेला होता; तेथे सणालाही गुळाचा खडा जपून वापरावा लागे. विधवेचे एकभुक्त आणि तिचे उपास यांना संयम म्हणणे ही क्रूर थट्टा ठरेल. तिच्या बाबतीत सोडणे हे तिने सोडलेलेच नव्हते. बायकांची पंगत शेवटी बसे, तेव्हा पातेल्यात काय उरले असेल ते सांगायला नको. दुसऱ्या टोकाला पुरुषांच्या पंगतीत आग्रह आणि पैजा लावून जिलब्या खाण्याचा पराक्रम होताच. आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण बाहेरच्या टीकाकाराने केलेली नाही. गंमत अशी की साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कसावा, शेंगदाणा, बटाटा, रताळे ही आपल्या उपासाच्या फराळाची चारही खांबे मुळात अमेरिका खंडातून आलेली. जुन्या निबंधकारांना ती ठाऊकच नव्हती, म्हणून निषिद्धही नव्हती!

ही चौकट मोडली ती कोणा सुधारकाच्या लेखणीने नव्हे. ती साखरेने मोडली. गूळ गावात होई, हंगामात होई. पांढरी साखर दुरून आली, आणि ती बारमाही होती. एकोणिसाव्या शतकात ती मॉरिशसहून इतकी येऊ लागली की गुजरातीत साखरेला त्या बेटावरून ‘मोरस’ हे नावच पडले. त्याच शतकात रत्नागिरीकडची मराठी माणसे करारबद्ध मजूर म्हणून मुंबई बंदरातून त्या बेटावर ऊसमळ्यांत राबायला गेली. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणवून घेतात. पश्चिम हिंदुस्थानात चैनीने खाल्ल्या जाणाऱ्या साखरेत काही घाम कोकणचा होता, हे आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांत कोठे येत नाही. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ निघाले, १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’. साखर स्वयंपाकघरात रुळत गेली तो हाच काळ. १९०५च्या बहिष्कारात परदेशी साखर वर्ज्य ठरली. ती शुद्ध करताना हाडांचा कोळसा वापरतात, हा आक्षेपही त्यात होता. म्हणजे साखरेवर आलेला हा बंधनाचा प्रसंगसुद्धा व्रताच्याच भाषेत आला, आरोग्याच्या नव्हे.

पुढचा भाग सर्वांना परिचित आहे, म्हणून तो भरभर सांगतो. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, १९३२च्या कायद्याने देशी साखरधंद्याला संरक्षण मिळाले, त्या दशकात वालचंदनगर, माळीनगर येथे कारखाने उभे राहिले. १९५०-५१च्या हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना चालू झाला. ज्या प्रांतात साखर परदेशातून येत होती, तो प्रांत साखर पिकवणारा झाला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शाळा, महाविद्यालये, दवाखाने यांतले कितीतरी या साखरेवर उभे आहेत. आमच्यासारख्या अनेकांच्या नोकऱ्याही. साखरेविषयी तटस्थपणे लिहिणे मराठी प्राध्यापकाला म्हणूनच थोडे अवघड जाते. दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर गेली आणि पुढेही अनेक वर्षे शिधापत्रिकेवर मोजून मिळत राहिली. दिवाळीला जादा साखर सुटे, तिची बातमी होई. पंचांगाचे काम काही काळ पुरवठा खात्याने केले, असे म्हणता येईल. कारखान्यांवरची लेव्हीची सक्ती २०१३ साली उठली, परंतु त्याच्या कितीतरी आधी साखरेची टंचाई ही मध्यमवर्गाच्या आठवणीतली गोष्ट झाली होती.

आमच्या मते निर्णायक वळण मात्र कारखान्यात आले नाही; ते कपात आले. सिडनी मिंट्झ यांनी १९८५च्या आपल्या ग्रंथात इंग्लंडचा कामगार साखरेच्या चहावर कसा जगू लागला, हे दाखविले आहे. आपल्याकडे चहाचा पद्धतशीर प्रचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. चहाबरोबर साखर पहिल्यांदाच तिथीविना घरात शिरली, आणि विशेष म्हणजे तिला कोणी ‘गोड’ म्हटले नाही. ‘आज गोड काय केले?’ या प्रश्नाला ‘चहा’ असे उत्तर कोणी देत नाही. गोड म्हणजे शिरा, खीर, लाडू. जे भाषेने गोडात धरले नाही, ते नेमात कसे येणार? एका कपात दोन चमचे धरले तर तीन कपांत सहा चमचे, म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची जी आदर्श मर्यादा सुचविली, ती साधारण एवढीच. दिवसभर ‘गोड न खाणारा’ माणूस दुपारच्या चहालाच ती संपवून बसलेला असतो.

आता उरते ते पथ्य. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींहून अधिक अंदाजली आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३पासून केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की आपली अर्भके इंग्रज अर्भकांहून वजनाने कमी असूनही तुलनेने अधिक चरबी घेऊन जन्मतात. मधुमेह हा एकट्या जिभेचा अपराध नाही. त्यात आईचे पोषण आहे, आणि बैठे जीवन तर आहेच. परंतु रोग्याला आपण बोलतो ते जिभेबद्दल : ‘तोंडावर ताबा नाही’. पूर्वी जो आवर तिथी, आळी, भाव आणि टंचाई मिळून घालीत होती, तो आता एकट्या माणसाने एकट्याच्या इच्छाशक्तीवर घालायचा आहे, तोही मिठाईच्या दुकानासमोरून रोज जात. आणि या पथ्याला उद्यापन नाही.

मग मन पळवाटा शोधते. साखरेऐवजी गूळ, हा त्यांतला सर्वांत सोज्ज्वळ. गुळात थोडे लोह, थोडी खनिजे आहेत, पण त्याचा बहुतांश भाग साखरच असतो आणि रक्ताला हा भेद फारसा कळत नाही. ‘गुळाचा चहा’ ही पाटी वाचली की आम्हांला उपासाची खिचडी आठवते.

या बदलाची सर्वांत नेमकी नोंद भाषेनेच ठेवलेली आहे. ‘साखर’ अजून खाण्यातच आहे, साखरपुड्यात आहे, ‘तुझ्या तोंडात साखर पडो’मध्ये आहे. रोगासाठी आपण निराळा शब्द घेतला : ‘त्यांना शुगर आहे’. आणि क्रियापदे पाहावीत. व्रत करणारी म्हणे, ‘मी गूळ सोडला आहे’. येथे कर्ता आहे, कृती आहे, हाती धरलेले काही मोकळे केल्याचा मानही आहे. पथ्य करणारा म्हणतो, ‘मला गोड बंद आहे’. कोणी बंद केले, ते वाक्यात नाही.

अलीकडे काही घरांत चहातली साखर चातुर्मासापुरती सोडण्याचा जुना नेम नव्या पदार्थाला लावलेला आम्ही पाहतो. दोन-तीन महिने साखर कमी केली की तोच पदार्थ जिभेला पूर्वीपेक्षा अधिक गोड लागू लागतो, असे प्रयोगांतही दिसले आहे. आमच्या परिचयातील एका बाईंनी कार्तिकात नेम सोडला आणि पहिला घोट घेऊन कप बाजूला ठेवला. म्हणाल्या, ‘‘अगं, एवढी का घातलीस?’’ सुनेने नेहमीचेच दोन चमचे घातले होते.