म्यूनिकच्या कचेरींतील मुक्त प्रणाली

कचेरीचें काम म्हणजे एकाच कागदावर अनेकांचे हात फिरणें. एकानें मसुदा करावा, दुसऱ्यानें तपासावा, तिसऱ्यानें शेरा मारावा, आणि कित्येक वर्षांनीं चौथ्यानें तो दप्तरांतून काढून वाचावा. आतां हा मजकूर संगणकावर असतो. म्हणून ज्या प्रणालीनें तो लिहावयाचा ती कोणाच्या मालकीची, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा राहिलेला नाहीं.

जर्मनींतील म्यूनिक शहराच्या नगरपालिकेला हा प्रश्न २००३ सालीं सोडवावा लागला. तिचे सुमारें १४,००० संगणक विंडोज एनटी ४ या प्रणालीवर चालत होते, आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी त्या प्रणालीची देखभाल थांबविणार होती. कचेरीचें काम सुरळीत चालू असतांही निर्मात्याच्या वेळापत्रकाप्रमाणें सारें बदलणें भाग होतें. महापौर ख्रिश्चन ऊडे यांचें मन वळविण्यासाठीं कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः म्यूनिकला आले. किंमतींत सवलतही देऊं केली. तरी नगरसभेनें लिनक्सच्या बाजूनें कौल दिला. लिनक्स ही मुक्त प्रणाली आहे. म्हणजे तिची घडण कोणासही पाहतां येते, बदलतां येते, आणि बदललेली प्रत इतरांस देतां येते.

काम सुरू झाल्यावर खरी अडचण ध्यानांत आली. प्रत्येक खात्याचा संगणकविभाग निराळा, आणि पत्रांचे व अर्जांचे नमुनेही निराळे! हे नमुने एका व्यवस्थेखालीं आणण्यासाठीं नगरपालिकेच्याच यंत्रज्ञांनीं 'वोलमुक्स' नांवाचें साधन रचिलें, आणि २००८ सालीं तें सर्वांस खुलें केलें. एका शहरानें आपल्या गरजेपोटीं केलेली वस्तु दुसऱ्या शहरासही फुकट वापरतां यावी, हें मुक्त प्रणालीमुळेंच शक्य झालें. २०१३ अखेर सुमारें १५,००० संगणक नव्या व्यवस्थेंत आले होते.

पुढें मात्र वारें फिरलें. बाहेरून येणारे दस्तऐवज नीट उघडत नाहींत, अशा तक्रारी वाढल्या. २०१४ सालीं महापौर बदलले, आणि २०१७ सालीं नगरसभेनें विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. वास्तविक तत्पूर्वीं तज्ज्ञांनीं केलेल्या पाहणींत बोट दाखविलें होतें तें मुख्यतः खात्याखात्यांत विखुरलेल्या कारभाराकडे. विंडोज आणल्यानें तो दोष आपोआप कसा जावा? २०२० सालीं सत्तेवर आलेल्या आघाडीनें शक्य तेथें मुक्त प्रणालीच वापरण्याचें पुनः मान्य केलें.

जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतानें २०२४ सालीं आपले सुमारें ३०,००० संगणक मुक्त प्रणालींकडे नेण्याचें जाहीर केलें. त्यास म्यूनिकचा अनुभव उपयोगी पडण्यासारखा आहे. मुक्त प्रणाली संस्थेला आपलें दप्तर आपल्या हातीं ठेवण्याचा अधिकार देते. परंतु एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यास विनासायास वाचतां यावा, हा एकोपा कोणतीही प्रणाली विकत अथवा फुकट देऊं शकत नाहीं. तो त्या संस्थेंतील माणसांनींच निर्माण करावा लागतो.